टायमिंग बेल्ट तुटल्यावर एक इंजिन वाचते, दुसरे का वाचत नाही?

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षांपूर्वी नवी घेतलेली डिझेल हॅचबॅक गाडी आहे. ती आजवर ७१ हजार किलोमीटर चालली असून दरवर्षीचे ऑईल आणि फिल्टर मी कधीही चुकवलेले नाहीत. गेल्या महिन्यात अहमदाबादहून बडोद्याला परत येताना द्रुतगती मार्गावर, आणंदच्या अलीकडे, साधारण ९० च्या वेगात ‘फट्’ असा एकच आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. गाडी कडेला घेतल्यावर माझ्या मेहुण्यांनी चार-पाच वेळा सेल्फ मारून पाहिला, पण इंजिन सुरू झाले नाही. ते नुसतेच मोकळे, भराभरा फिरत राहिले. गाडी क्रेनने ओढून आणली. टायमिंग बेल्ट तुटला आहे, व्हॉल्व्ह वाकले आहेत, हेड उतरवावे लागेल आणि सुमारे ६० हजार रुपये खर्च येईल, असे गॅरेजवाले सांगतात. माझ्या थोरल्या भावाची जुनी पेट्रोल गाडी मात्र १५ वर्षांपूर्वी दांडिया बाजारात अशीच बेल्ट तुटून बंद पडली होती; तेव्हा मिस्त्रींनी नवा बेल्ट चढवला आणि संध्याकाळी गाडी घरी आली. मग माझ्याच गाडीला एवढा खर्च कसा? मला फसवले जात आहे काय? शिवाय पुस्तिकेत बेल्ट ८० हजार किलोमीटरला बदलावा असे लिहिलेले असताना तो ७१ हजारांवर तुटलाच कसा?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : आपल्या भावाचे मिस्त्री आणि आपले गॅरेजवाले हे दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही गाड्यांत बेल्टच तुटला असला, तरी तो तुटल्यावर काय होते हे इंजिनाच्या आतील मोकळ्या जागेवर ठरते, आणि ती जागा दोन इंजिनांत सारखी नसते.

टायमिंग बेल्टचे काम एका वाक्यात सांगता येते. खाली पिस्टनांना वर-खाली करणारा क्रँकशाफ्ट असतो, वर, ‘हेड’ म्हटल्या जाणाऱ्या सिलिंडरांवरच्या झाकणात, हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट असतो, आणि क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोबर एक फेरा व्हावा, एक दातही मागे-पुढे होऊ नये, यासाठी त्या दोघांना हा दातेरी पट्टा बांधून ठेवतो. पिस्टन सिलिंडरच्या अगदी वरच्या टोकाला येतो त्या क्षणी व्हॉल्व्ह एक तर पूर्ण मिटलेला असला पाहिजे किंवा अगदी किंचित उघडा असला पाहिजे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ज्या जागेत उतरतो त्याच जागेत पिस्टनही येत असेल, म्हणजे ती जागा दोघांच्या सामाईक वापराची असेल आणि दोघांनी पाळीपाळीने ती वापरायची असेल, तर ते इंटरफेरन्स इंजिन. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला आणि पिस्टन पूर्ण वर आला तरीही दोघांत अंतर उरत असेल, तर ते नॉन-इंटरफेरन्स इंजिन. पहिल्या प्रकारात बेल्ट तुटला की पाळी मोडते आणि टक्कर होते. दुसऱ्या प्रकारात इंजिन फक्त बंद पडते.

बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या आणि आज विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा असलेल्या त्या संस्थेत शिकत असताना, आम्हाला एक उभे कापलेले डिझेल इंजिन हाताने फिरवून दाखवले गेले होते. पिस्टन वर येऊन थांबला तेव्हा त्याच्या डोक्यात आणि हेडच्या सपाट भागात कागदाच्या काही घड्या जेमतेम शिरतील एवढीच फट दिसत होती. नंतर शिक्षकांनी कॅम फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि तो त्या फटीच्या कितीतरी पट खाली उतरला. त्या दिवशी पाहिलेले ते दोन क्षण मनात राहिले, आणि पुढे कोणी बेल्टविषयी विचारले की मी त्यांच्याच आधाराने समजावत आलो.

हिशेब करून पाहिला तरी हेच दिसते. समजा, डिझेल इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ८० मिलिमीटर आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण १७ आहे, म्हणजे हवा मूळ जागेच्या सतराव्या हिश्श्यात दाबली जाते. पिस्टन वर असताना उरलेली सगळी जागा सिलिंडरच्या व्यासाइतकी सपाट पसरली, तर तिची उंची फक्त ५ मिलिमीटर भरते. त्यातलीही बरीचशी जागा पिस्टनच्या डोक्यात कोरलेल्या खळग्यात असते, कारण डिझेलचा फवारा तिथे जळायचा असतो. म्हणून खळग्याबाहेर, व्हॉल्व्हच्या समोर, साधारण एखादा मिलिमीटरच उरतो. व्हॉल्व्ह मात्र ८ ते ९ मिलिमीटर उघडतो आणि डिझेलमध्ये तो बहुधा पिस्टनच्या दिशेने सरळ खाली येतो. आजची बेल्टवर चालणारी डिझेल इंजिने जवळजवळ सरसकट इंटरफेरन्स प्रकारची असतात ती याच कारणाने. दाबाच्या उष्णतेने इंधन पेटवायचे तर हवा इतक्या लहान जागेत दाबावीच लागते, आणि तिथे व्हॉल्व्हसाठी वेगळी जागा राखून ठेवणे शक्य नसते.

जुन्या पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन ९ च्या आसपास असे. त्याच ८० मिलिमीटर स्ट्रोकला तिथे १० मिलिमीटर उंची मिळते, ज्वलनाची जागा पिस्टनाऐवजी हेडमध्ये, व्हॉल्व्हच्या तळाशीच असते, आणि व्हॉल्व्ह फार खोल उघडत नसत. त्यामुळे त्या पिढीत नॉन-इंटरफेरन्स इंजिने पुष्कळ झाली. टोयोटाचे ४ए-एफई हे १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन त्यांतले जगभर ओळखीचे. आपल्या भावाची गाडी त्याच जातकुळीची असावी. पुढे मायलेज आणि ताकद वाढवण्यासाठी कॉम्प्रेशन १० ते १२ पर्यंत गेले, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आले, ते अधिक खोल उघडू लागले, आणि मोकळी जागा गेली. यात निर्मात्यांची बेपर्वाई नाही. लिटरमागे मिळणारे जास्तीचे किलोमीटर बऱ्याच अंशी याच लहान जागेतून येतात. मात्र त्या बदल्यात पट्टा वेळेवर बदलण्याची जबाबदारी मालकावर आली, आणि गाडी विकताना ही गोष्ट त्याला कोणी नीट बसवून सांगितली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता द्रुतगती मार्गावर काय झाले ते पाहू. ९० च्या वेगात पाचव्या गिअरमध्ये अशा डिझेल इंजिनाचे मिनिटाला साधारण २,००० फेरे चालू असतात, म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला ३३ वेळा वर येतो. बेल्ट तुटताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅम जवळजवळ जागच्या जागी थांबतो. चार सिलिंडरांपैकी कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह त्या वेळी उघडेच असतात. गाडी गिअरमध्ये असल्याने चाके क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. क्लच दाबायला आपल्याला एक सेकंद लागला असे धरले, तरी तेवढ्यात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. नंतर सेल्फ मारल्यावर इंजिन मोकळे फिरल्याचे आपण लिहिले आहे, ते वाकलेले व्हॉल्व्ह बसकणीवर, म्हणजे मिटताना टेकण्याच्या कडेवर, नीट बसत नसल्याचे लक्षण आहे. हवा दाबलीच जात नाही, म्हणून सेल्फला जोर लागत नाही. आपल्या मेहुण्यांना यासाठी दोष देऊ नये, कारण नुकसानीचा मोठा भाग त्याआधीच झालेला होता. पण वाचकांनी हे लक्षात ठेवावे की बेल्ट मंद गतीत किंवा सिग्नलवर उभे असताना तुटला, तर कधीकधी दोन-तीनच व्हॉल्व्ह वाकतात किंवा एखादे इंजिन बचावतेही, आणि तेव्हा मारलेला सेल्फ किंवा दिलेला धक्का उरलेले व्हॉल्व्ह वाकवतो. चालते इंजिन एकाएकी बंद पडले आणि सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका वाटला, तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नये. गाडी ढकलून स्टार्ट करणे तर मुळीच नको.

गॅरेजवाल्यांचा अंदाज योग्य आहे की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण तो तपासायचा कसा ते सांगतो. हेड उतरवण्यापूर्वी ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या काडीच्या) छिद्रातून बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टनवर व्हॉल्व्हचे चंद्रकोरीसारखे ठसे उमटले आहेत का ते पाहता येते. ते आपल्यालाही दाखवायला सांगावे. हेड उतरवल्यावर वाकलेले व्हॉल्व्ह टेबलावर मांडून पाहावेत. सगळे वाकले नसतील, तरी एका टकरीतून गेलेले उरलेले व्हॉल्व्ह परत बसवण्याची काटकसर मी करणार नाही, कारण देठावर पडलेला केसाएवढा ताणही पुढे व्हॉल्व्हचे डोके तुटण्याचे कारण होतो, आणि ते डोके सिलिंडरमध्ये पडले की पिस्टन व हेड दोन्ही निकामी होतात. व्हॉल्व्हचे गाईड, रॉकर आणि कॅमच्या बेअरिंगच्या बसकणी यांची तपासणी लेथवाल्याकडून करून घ्यावी. चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून त्यांची उंची मोजावी; एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकला आहे, आणि तसे असताना फक्त हेड दुरुस्त करून गाडी ताब्यात घेतली, तर पैसे दोनदा जातील. हेड गॅस्केट नवेच हवे. हेडचे बोल्ट अनेक इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, तेही विचारून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बेल्ट का तुटला. तुटलेला बेल्ट फेकू देऊ नका, मागून घ्या. त्याचे दात सलग उपटले गेले असतील तर बहुधा काहीतरी अडकले होते, वॉटर पंप किंवा एखादे बेअरिंग जाम झाले होते. कडा झिजून दोरे सुटले असतील तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारे चाक) किंवा आयडलर (बेल्टला वाट देणारे मोकळे चाक) तिरका फिरत होता. रबर फुगलेले, चिकट आणि काळपट असेल तर कॅम किंवा क्रँकच्या ऑईल सीलमधून तेल गळत होते. दातांच्या मुळाशी भेगा असतील आणि बाकी सारे ठीक असेल, तर बेल्ट वयाने गेला.

माझा कयास वयाकडेच झुकतो. पुस्तिकेतील ती ओळ कृपया पुन्हा काढून पूर्ण वाचावी. अशा ओळीत किलोमीटरच्या आकड्यापुढे बहुधा ‘किंवा इतकी वर्षे, जे आधी होईल ते’ असे असते, आणि आपली गाडी नऊ वर्षांची आहे. बहुतेक बेल्टांची मुदत ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा चार ते सहा वर्षे अशी असते. काही नव्या इंजिनांत ती याहून जास्त असते. बेल्ट म्हणजे काचेच्या तंतूंचे दोर आत घातलेले विशेष रबर. गाडी उभी असली तरी रबर कडक होतच असते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर पारा ४२ च्या पुढे असताना, बॉनेटखाली ते काय सोसत असेल याची कल्पना करावी.

किलोमीटरचा आकडा शहरात आणखी एका प्रकारे फसवतो. वर्षाला ९ हजार किलोमीटर महामार्गावर सरासरी ६० च्या वेगाने चालवले, तर इंजिन १५० तास चालते. तेच ९ हजार किलोमीटर कारेलीबाग ते अलकापुरी अशा रहदारीत सरासरी १८ च्या वेगाने चालवले, तर इंजिन ५०० तास चालते. बेल्ट रस्ता मोजत नाही, तो इंजिनाचे फेरे मोजतो. शहरात फिरणाऱ्या कमी किलोमीटरच्या गाडीचा बेल्ट ‘अजून नवा’ असतो, ही समजूत याच कारणाने चुकीची आहे, आणि निवृत्त लोकांच्या, जपून वापरलेल्या गाड्यांचे बेल्ट तुटलेले मी त्यामुळेच अधिक पाहिले आहेत.

दुरुस्ती झाल्यावर नव्या बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि, तो याच बेल्टवर फिरत असेल तर, वॉटर पंपही नवाच बसवून घ्यावा. हा आग्रह मी स्वतःच्या अनुभवातून धरतो. माझ्या गाडीचा बेल्ट एका वर्कशॉपने वेळेवर बदलला, पण ‘चांगला आहे’ म्हणून टेन्शनर जुनाच ठेवला. पुढे १४ हजार किलोमीटरवर सकाळी गाडी सुरू करताना बारीक किणकिण ऐकू आली. कव्हर उघडून टेन्शनरचे चाक बोटाने फिरवले तर ते खरखरत होते, त्याची कड उष्णतेने निळसर झाली होती आणि नव्या बेल्टच्या एका बाजूने रबराची भुकटी पडलेली होती. आणखी एखादा आठवडा दुर्लक्ष झाले असते तर आज मी आपल्यासारखेच पत्र लिहीत असतो. बेल्टच्या कामात मजुरीच मोठी असते, कारण इंजिनाची एक बाजू मोकळी करावी लागते. तेवढे उघडल्यावर शंभर-दोनशे तासांचे आयुष्य उरलेले चाक परत आत ठेवण्यात कसलीही बचत नाही.

बेल्ट चढवताना कॅम आणि क्रँक पिना घालून अडकवले जात आहेत का, तेही पाहावे. जुन्या बेल्टवर रंगाच्या खुणा करून त्या नव्यावर उतरवण्याची पद्धत कुशल हातात चालते, पण बेल्ट तुटलेला असताना तिला अर्थच उरत नाही. बेल्ट बसल्यावर क्रँक पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही ते पाहायचे आणि मगच सेल्फ लावायचा. हाताने फिरवताना मध्येच काहीतरी अडल्यासारखे वाटले तर तिथेच थांबायचे असते. जोर लावून पुढे नेणारा मिस्त्री आपल्या गाडीसाठी योग्य नाही.

प्रश्न : मी आजवा रोडवर राहतो आणि जुनी गाडी घेण्याच्या विचारात आहे. एक विक्रेता म्हणतो की त्याच्या गाडीत बेल्ट नसून टायमिंग चेन आहे, त्यामुळे ‘आयुष्यभर बघायलाच नको’. दुसऱ्या, बेल्टच्या गाडीचा मालक बेल्ट बदलल्याचे तोंडी सांगतो, पण त्याच्याकडे बिल नाही. कोणती घ्यावी? गाडी पाहताना ती इंटरफेरन्स आहे की नाही हे कळते का?
— एक वाचक, आजवा रोड, बडोदा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाहेरून पाहून ते कळत नाही, आणि मालकाच्या पुस्तिकेतही ते सहसा लिहिलेले नसते. वर्कशॉपच्या तांत्रिक पुस्तकात किंवा बेल्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत त्याची नोंद मिळते. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसाठी खाचा आहेत म्हणजे इंजिन सुरक्षित, असे काही मेकॅनिक सांगतात, ते खरे नाही. त्या खाचा बहुधा नेहमीच्या फिरण्यात दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात तेवढ्यापुरत्या असतात. मला विचाराल तर गेल्या वीसेक वर्षांतली कोणतीही गाडी इंटरफेरन्सच आहे असे धरून चालावे. अंदाज चुकला तर एक बेल्ट लवकर बदलल्याचे नुकसान होईल, त्यापलीकडे काही नाही.

चेन असणे आणि नॉन-इंटरफेरन्स असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. चेनची बहुतेक आधुनिक इंजिनेही इंटरफेरन्सच असतात. मारुतीच्या स्विफ्टचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि तिचेच जुने १,२४८ सीसीचे डिझेल, दोन्हींत चेन आहे. निसान सनी किंवा मायक्रा यांच्या पेट्रोल इंजिनात चेन, तर त्यांच्याच १.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट आहे. म्हणजे गाडीच्या नावावरून काही ठरत नाही, इंजिन पाहावे लागते. टोयोटाच्या जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट होता, नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ लिटरमध्ये चेन आली. ज्या गाड्यांत ‘टी-बेल्ट’ लिहिलेला दिवा असतो, त्यांच्याबाबत एवढे ध्यानात असावे की तो दिवा बेल्टची तपासणी करत नाही. तो ठरलेले किलोमीटर भरले की लागतो आणि बेल्ट न बदलताही विझवता येतो. दिवा विझलेला आहे याचा अर्थ बेल्ट नवा आहे असा होत नाही.

चेन सहसा एकाएकी तुटत नाही. तिच्या प्रत्येक कडीतील पिन आणि बुश झिजतात, शेकडो कड्यांची ती बारीक झीज एकत्र होऊन चेन लांबते, आणि टेन्शनर तिला ताणता ताणता थकतो. तो टेन्शनर बहुधा इंजिन ऑईलच्या दाबावर काम करतो, म्हणून ऑईल उशिरा बदलणाऱ्या मालकाची चेन लवकर जाते. आपण ती गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पाहायला जावे आणि विक्रेत्याला आधी ती सुरू करू देऊ नये. सुरू होताच एक-दोन सेकंद साखळी ओढल्यासारखा खडखडाट होऊन थांबला, तर टेन्शनरवर संशय घ्यावा. तो आवाज थांबतच नसेल तर ती गाडी सोडून द्यावी. स्कॅनर लावून पी००१६ हा कोड दिसतो का ते पाहावे. क्रँक आणि कॅम यांच्या जागा एकमेकांशी जुळत नसल्याची ती नोंद असते, आणि लांबलेल्या चेनची पहिली खूण कित्येकदा हीच असते. ऑईलच्या पावत्या नसलेली चेनची गाडी मला पावत्या असलेल्या बेल्टच्या गाडीपेक्षा अधिक जोखमीची वाटते.

आणखी एक प्रकार अलीकडे आला आहे, तो म्हणजे इंजिन ऑईलमध्येच फिरणारा बेल्ट. फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० लिटर टर्बो पेट्रोलमध्ये तो होता. त्याला निर्मात्याने सांगितलेलेच ऑईल लागते. चुकीच्या ऑईलने रबर सुटून त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात, आणि मग बेल्ट शाबूत असतानाही तेलाअभावी इंजिन जाते.

बेल्टच्या गाडीविषयी माझा नियम साधा आहे. ज्याचे बिल नाही तो बेल्ट बदललेला नाही. किमतीतून बेल्ट, टेन्शनर व वॉटर पंप यांचा खर्च वळता करून घ्यावा आणि गाडी ताब्यात येताच, दूरचा प्रवास करण्याआधी, ते काम करावे. काम झाल्यावर टायमिंग कव्हरवर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवून घ्यावी, म्हणजे पुढच्या मालकाला आपल्यासारखे विचारत बसावे लागणार नाही.

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवल्यावर मेकॅनिक म्हणाला की ‘टायमिंग पुढे घेतले आहे’. यामुळे टायमिंग बेल्ट लवकर तुटेल का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : नाही. ही दोन टायमिंग वेगळी आहेत. मेकॅनिकने पुढे घेतले ते ठिणगी पडण्याचे टायमिंग. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पाडण्यासाठी किटबरोबर एक लहान इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवतात. त्याने बेल्ट, कॅम किंवा व्हॉल्व्ह यांची जागा बदलत नाही आणि बेल्टवर ताणही पडत नाही. सीएनजीच्या कोरड्या, उष्ण ज्वलनाने व्हॉल्व्हच्या बसकणी मात्र लवकर झिजू शकतात, म्हणून टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधले, अंतर ठरल्या वेळी तपासून घ्यावे. बेल्टची मुदत पूर्वीचीच पाळावी.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात आमची गाडी सोसायटीच्या तळघरात दोन दिवस पाण्यात होती. नंतर इंजिन खोलून साफ केले आणि गाडी चालते आहे. बेल्ट तेव्हा बदलला नव्हता, कारण तो एकच वर्षाचा होता. तो बदलायला हवा होता का?
— एक वाचक, समा, बडोदा

उत्तर : हवा होता, आणि अजूनही वेळ गेलेली नाही. पुराचे पाणी नुसते पाणी नसते. बारीक गाळ, रस्त्यावरचे तेल आणि मैला त्याबरोबर कव्हरच्या आत शिरतो. कव्हर धुळीपुरते असते, पाणी रोखण्यासाठी नसते. गाळ दातांच्या पन्हाळीत आणि पुलीवर सुकून बसतो व बेल्टला कानशीसारखा घासतो. त्याहून वाईट अवस्था टेन्शनर आणि आयडलरच्या बेअरिंगांची होते. त्यांतले ग्रीस पाण्याने धुऊन जाते किंवा दुधाळ होते, गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि बेअरिंग काही महिने ठीक चालून मग अचानक जाम होते. एक वर्षाचा बेल्ट तेव्हा नऊ वर्षांच्या बेल्टसारखाच तुटतो. गाडी आपल्या गॅरेजला न्यावी, वरचे कव्हर काढून आत वाळलेला गाळ आहे का ते पाहावे, आणि सगळा संच बदलावा. तोपर्यंत ती महामार्गावर नेऊ नये.

पुन्हा असा प्रसंग आला, तर पाण्यात राहिलेल्या गाडीचे इंजिन सेल्फने फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार सोडावी, सगळे स्पार्क प्लग, डिझेल असेल तर ग्लो प्लग, काढावेत, मग क्रँक पान्याने सावकाश दोन फेरे फिरवावा आणि छिद्रांतून पाणी येते का ते पाहावे.